मालकाला विचारल्याबिगर

माझ्या पहिल्या भाडेकरारात खोलीच्या चतुःसीमा लिहिलेल्या होत्या. पूर्वेस जिना, दक्षिणेस घरमालकांचे स्वयंपाकघर, पश्चिमेस शेजाऱ्यांचा लिंब (बुंधा बाहेर, फांद्या आत), उत्तरेस मोकळी हवा. मी देगलूरकडच्या एका खेड्यातून लातूरला आले होते, एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक म्हणून. सही करताना 'मोकळी हवा' या शब्दांपाशी माझं पेन थांबलं.

घरमालक म्हणाले, "करा करा सही. हवा तुमच्याच वापरात हाय. पण उद्या तिकडच्यानं मजला चढवला तर माझ्या नावानं वरडायचं न्हाई, म्हणून लिहून ठेवलंय."

ते निवृत्त तलाठी होते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या सज्ज्यांवर, म्हणजे तलाठ्याकडच्या गावांच्या गटांवर, त्यांची उभी नोकरी गेली. कॉलनीत सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सुद्धा चिडल्या की भाऊसाहेबच म्हणायच्या. भाडेकरूंना ते दिशेनं ओळखत. मी 'उत्तरेकडच्या ताई'. जिन्याखालच्या खोलीतला बँकेतला कारकून 'पूर्व'. सकाळी आतून आवाज यायचा, "उत्तरेला चहा द्या, पूर्व अजून झोपलेलाय."

कुठल्याही गोष्टीवर बसल्या जागेवरून मत द्यायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. "मोका बघितल्याबिगर, जाग्यावर गेल्याबिगर सही न्हाई," असं म्हणत. माझा नळ गळतो अशी तक्रार मी केली, तर स्टूल घेऊन आले आणि नळासमोर पाव तास बसले. थेंब मोजले. मग म्हणाले, "तक्रार खरी हाय." जणू मी खोटं बोलून एखाद्याचा नळ हडपणार होते! नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा यायचं, त्या दिवशी गच्चीवर कपड्यांची गर्दी व्हायची. म्हणून त्यांनी दोरीवर सुतळीच्या गाठी मारून सगळ्यांचे हिस्से पाडून दिले होते. काकूंचा हिस्सा सगळ्यांत मोठा. का, तर त्या 'मूळ मालक'.

एकदा त्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात मांजर व्यायली. काकूंनी पिल्लं हलवायचं म्हटलं तर ते आडवे आले. वहीचा कागद फाडून त्यावर लिहिलं आणि खणाला चिकटवलं: 'कब्जेदार मांजर एक, पिल्ले तीन. वहिवाट डोळे उघडेपर्यंत.' पिल्लांनी डोळे उघडले, खेळून झाली, घरभर पळायला लागली, तरी तो कागद तसाच होता. मी विचारलं, तर म्हणाले, "नोंद काढायला अर्ज लागतो, ताई. मांजरीनं अर्ज दिला न्हाई अजून."

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, माणूस सरकारी कागदात आयुष्यभर बुडून थोडा हललेला असावा. मलाही पहिले काही महिने तसंच वाटायचं. मग एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला त्यांच्या वडलांविषयी सांगितलं.

वडील गावचे कोतवाल. तलाठ्याचं दप्तर लाल कापडात बांधून डोक्यावर घ्यायचं आणि तलाठी पुढं, आपण मागं, असं गावोगाव चालायचं. आयुष्यभर ते दप्तर वाहिलं. पण ते उघडून बघायची त्यांना मुभा नव्हती आणि उघडलं असतं तरी वाचता येत नव्हतं. "पण शेतं त्यांना पायानं पाठ होती," भाऊसाहेब म्हणाले. "मी लहान असताना मागं मागं जायचो. कागदावर नुसता नंबर असायचा. बाप मला नाव सांगायचा. हे उपाशी पट्टी. हे सासूचं. हे रडकं, पावसाळा सरला तरी पाणी निथळत न्हाई म्हणून. एका रानाचं नावच भांडण. दोघा भावांनी वाटणी करून घेतली, भांडण मिटलं, रानाचं नाव तेवढं ऱ्हायलं."

पुढं ते स्वतः तलाठी झाले. पहिल्या दिवशी दप्तर उघडलं तेव्हा वडील सोबत होते. वडलांनी लाल कापडाची गाठ सोडलेली बघितली आणि बाहेर जाऊन बसले. "मी बी नंबरच लिहिले आयुष्यभर," भाऊसाहेब म्हणाले. "आता नावं लिहायचीत. माझ्या सज्ज्यांतल्या समद्या गावांची. सांगणारी माणसं चाललीत, ताई."

त्यात अडचण अशी होती की त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. त्यांचं अक्षर एके काळी तहसीलमध्ये दाखवायला नेत म्हणे. लग्नपत्रिकांवरची नावं लिहून घ्यायला लोक यायचे. आता कपबशी धरताना दुसरा हात खाली लागायचा. नावांची वही त्यांनी सुरू केली होती, पण दोन पानांनंतर ओळी अशा वळल्या होत्या की बैलांनी नांगराचं तास सोडून भलतीकडं ओढावं. नंतरची पानं फाडलेली. त्यांनीच सांगितलं, "माझंच अक्षर मला वळखू यीना."

संगणक त्यांना नवा नव्हता. सातबारा संगणकावर चढवायचा काळ त्यांनी पाहिला होता, मराठी टायपिंग येत होतं. आणि कळफलकाला हाताची थरथर कळत नाही. बोट पडलं की अक्षर उमटतं, नीटच उमटतं. म्हणून त्यांनी लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. "जुना चालंल. मी कुठं नवा हाय," म्हणाले. नांदेडला त्यांची लेक असते. तिच्याकडं गेले तेव्हा एका जुन्या सामानाच्या दुकानातून लॅपटॉप घेऊन आले. आणला तो लाल कापडात गुंडाळून.

मला आत बोलावलं. मी झाकण उघडून चालू केला. पडद्यावर गोल चित्र, त्याखाली नाव, 'सुलोचना', आणि पासवर्ड टाकायची चौकट.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"तेच शोधायचंय."

मग उलगडा झाला. दुकानदारानं त्यांच्यासमोरच फॉरमॅट मारायला घेतलं होतं. "चचा, पाँच मिनिट का काम है," म्हणाला. यांनी त्याचा हात धरला. ज्याच्या नावानं मशीन आहे त्याची संमती कुठंय, म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, "संमती लग्नाला लागते, लॅपटॉपला न्हाई." यांनी कुलूप लागलेलाच लॅपटॉप उचलला आणि बाहेर पडले. मात्र तो विकायला कोण आलं होतं, कुठलं होतं, हे त्याच्याकडून लिहून घेतलं. बिलोलीचा एक जण.

मी समजावून सांगितलं. पासवर्डची गरजच नाही. दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करता येतं, आतल्या फायली बाहेर काढता येतात, मग जुनी सिस्टिम पुसून नवी घालता येते. अर्ध्या दिवसाचं काम. मी उद्याच करून देते.

"दुसऱ्याच्या नावावरच्या रानात नांगर घालायचा न्हाई," ते म्हणाले. "मालकाला विचारल्याबिगर न्हाई म्हंजे न्हाई."

"भाऊसाहेब, ही जमीन नाही. वापरून टाकलेली वस्तू आहे."

"टाकली का टाकायला लावली, तुमाला काय म्हाईत? आत काय हाय ते तरी म्हाईत हाय का? मी चाळीस वर्षं बघितलंय, ताई. म्हातारी घरात जिवंत असती अन् कागदावर पुतण्याचं नाव लागलेलं असतं. इचारलं तर म्हणतात, तिला काय कळतंय."

मी मशीनकडं वळले. पासवर्ड विसरलाय असं सांगून बघितलं, तर पडद्यावर आलं की एका मोबाईल नंबरवर कोड पाठवतो. नंबराचे शेवटचे दोनच आकडे दिसत होते. भाऊसाहेब खूश झाले. "गट नंबर घावला. आता हिस्सा शोधायचा."

तीन आठवडे लॅपटॉप बंद पडून होता. ते रोज लाल कापड काढून पुसायचे आणि परत बांधायचे. काकू मला म्हणाल्या, "माझ्याशी लगीन ठरलं तवा बी यांनी एवढी चौकशी केली नव्हती." शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी दोन पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकले आणि आम्ही दोघं पहाटेच्या एसटीनं नांदेडला, तिथून बिलोलीला गेलो. सबंध रस्ता त्यांनी लॅपटॉप मांडीवर ठेवला आणि खिडकीतून दिसणाऱ्या रानांवर बोलत राहिले. एका शिवारापाशी म्हणाले, "ह्या रानात मी मार खाता खाता वाचलोय."

सुलोचनाबाई सापडायला वेळ लागला नाही. चौकात पहिल्याच पानवाल्यानं घर दाखवलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, पहिलीच्या वर्गाच्या बाई. अंगणात खुर्ची टाकून शेंगा निवडत बसल्या होत्या. शेजारी त्यांचा पुतण्या, वीस-बावीसचा, मोटारसायकल धूत होता.

भाऊसाहेबांनी लाल कापड सोडलं. पुतण्याच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

"हे तुमचं हाय का, बाई?"

बाईंनी चष्मा वर केला. "होतं. पासवर्ड विसरला माझा, चार-सहा वेळा चुकीचा टाकला, मग उघडेचना. ह्याला दुरुस्तीला दे म्हणलं, तर म्हणाला जळून गेलंय, फेकून दिलं." त्या पुतण्याकडं वळल्या. "हे कुठं जळलंय रे?"

पुतण्या म्हणाला, "काकी, मला वाटलं तुला आता कशाला लागतंय..."

भाऊसाहेब माझ्याकडं वळलेसुद्धा नाहीत. पण त्यांच्या पाठीवरून मला कळलं की गडी जिंकलाय. आणि पुढच्या क्षणी त्यांनी जे केलं त्यानं मी गारच पडले. लॅपटॉप उचलून त्यांनी बाईंच्या पुढ्यात शेंगांच्या सुपाशेजारी ठेवला. "मग व्यवहार रद्द. ज्याचं त्याला पावलं. आमी निघतो."

"भाऊसाहेब!" मी म्हटलं. त्यांचा हात लाल कापडावर थरथरत होता, तो त्यांनी खिशात घातला.

"बसा," बाई म्हणाल्या. वर्गात म्हणतात तसं. ते बसले. "एवढ्या लांबून परत द्यायला आला होता?"

"न्हाई. संमती मागायला आल्तो. पण तुमालाच फसवून इकलंय म्हणल्यावर आता कुठल्या तोंडानं मागू?"

बाई मशीनवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "मला हे मशीन नको हो. ह्यात माझी पोरं आहेत."

गोष्ट अशी होती. दर वर्षी शाळेच्या शेवटच्या दिवशी पहिलीच्या प्रत्येक पोराला त्या उभं करायच्या आणि मोबाईलवर त्याचा आवाज भरून घ्यायच्या. नाव काय, आणि मोठेपणी कोण होणार. घरी तेलुगू बोलणारी, उर्दू बोलणारी, मराठी बोलणारी, सगळी पोरं. वर्षानुवर्षांचे ते आवाज या मशीनमध्ये साठवलेले. जळालं म्हटल्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढले. "बाई, आत जायची दुसरी वाट आहे. तुमची परवानगी असेल तर."

भाऊसाहेब म्हणाले, "ही वाट तुमाला आधीपासून म्हाईत होती?"

"हो."

"मग सांगितली कामून न्हाई?"

"सांगितली होती. तुम्ही म्हणालात, मालकाला विचारल्याबिगर न्हाई."

"बरोबर म्हणलो," ते म्हणाले.

मशीन जुनं, आतली डिस्क साधी, कुलूप नुसतं दारालाच होतं. पेन ड्राइव्हवरून चालू केल्यावर फायली समोर आल्या. मी त्या बाईंसाठी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि एक लावून दाखवली. बारीक, नाकातला आवाज अंगणात आला: "मी मोठा होऊन कंडक्टर होणार. तिकीट फाडणार, पण काकीला फुकट नेणार." मागं वर्ग हसत होता.

पुतण्या मोटारसायकलमागं खाली वाकला आणि बराच वेळ चाकच धुवत राहिला. बाई म्हणाल्या, "इकडं ये रे, कंडक्टर." तो आला. त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तोच हात तिथंच राहू दिला.

"आता घेऊन जा मशीन," बाई भाऊसाहेबांना म्हणाल्या.

"असं तोंडी न्हाई."

चौकातून पानवाल्याला बोलावलं, तो आणि पुतण्या असे दोन पंच ठरले. भाऊसाहेब मजकूर लिहायला बसले. हात ऐकेना. दोन ओळी झाल्या तोवर बाईंनी कागद ओढून घेतला, लाल पेन काढलं आणि म्हणाल्या, "'संमती'वर पहिली वेलांटी टाकलीत. दुसरी पाहिजे. शब्दाच्या शेवटी दीर्घ." त्यांचं लिहिलेलं कुणी दुरुस्त करताना मी पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं, आता वाद होणार. ते म्हणाले, "हाताचा दोष हाय, बाई. डोक्याला दीर्घच म्हाईत हाय." बाईंनी मग त्यांच्या हाताकडं नीट पाहिलं, पेन स्वतःकडं घेतलं आणि म्हणाल्या, "सांगा, मी लिहिते." त्यांनी सांगितलं, बाईंनी लिहिलं. 'सदर मशीन मी राजीखुशीने देत असून त्यातील माझा मजकूर मला मिळाला आहे.' सह्या झाल्या.

मग मी जुनं सगळं पुसून नवी सिस्टिम घालायला घेतली. भाऊसाहेब शेजारी बसून टक्के मोजत होते. "एकवीस. बावीस. बावीसवरच थांबलं की. दगड लागला का?" बासष्टवर आलं आणि लाईट गेली. जुन्या मशीनची बॅटरी कधीच मेलेली. पडदा काळा.

भाऊसाहेबांनी अगदी हळू विचारलं, "गेलं का सगळं?"

"नाही. पहिल्यापासून करायचं, एवढंच."

त्यांनी श्वास सोडला. लाईट येईस्तोवर बाईंनी भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली, आणि बोलता बोलता त्यांच्या माहेरच्या रानांची नावं निघाली. भाऊसाहेब सांगा म्हणाले, बाई स्वतःच सांगून स्वतःच लिहू लागल्या. पानवाला दुकान सोडून आला होता, त्यानं दोन घातली. पुतण्यानं एक घातलं ते चुकीचं निघालं, त्यावरून पानवाल्याशी त्याची जुंपली. दुपार उतरायला लागली तेव्हा लाईट आली. या वेळी शंभर टक्के भरले.

पडद्यावर नाव विचारलं. भाऊसाहेबांनी एका बोटानं स्वतःचं नाव टाकलं, दुरून बघितलं, जवळून बघितलं. मग पासवर्ड विचारला. ते उठले. "सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा."

आणि मी, सुलोचनाबाई, पुतण्या आणि पानवाला, आम्ही चौघं भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. मागं एक एक कळ वाजत होती. बाई भिंतीला म्हणाल्या, "लिहून ठेवा कुठंतरी, माझ्यासारखं करू नका."

नंतर दोन वर्षं मी त्या घरात होते. रोज दुपारी भिंतीपलीकडून टकटक ऐकू यायची, सावकाश, मधे बराच वेळ थांबणारी. रविवारी बिलोलीहून बाईंचा फोन यायचा. त्या एकेक नावाचं शुद्धलेखन सांगायच्या आणि भाऊसाहेब म्हणायचे, "गावात असंच म्हणतात, बाई, मी काय करू." हा वाद पाच-पाच मिनिटं चालायचा. बाई हट्ट सोडायच्या नाहीत, आणि भाऊसाहेब शब्द बदलायचे नाहीत. मग माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले.

मागच्या वर्षी कामासाठी लातूरला गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. हात आणखी हलत होता, बाकी माणूस तसाच. लॅपटॉपही तोच, एक कळ निघालेली, तिथं काकूंच्या ब्लाउजचं बटण चिकटवलेलं. त्यांच्या सज्ज्यांतली गावं लिहून झाली होती. त्याच्या प्रती काढून त्यांनी त्या त्या गावच्या शाळेत एकेक दिली होती. "आता दुसऱ्यांची घ्यायलोय," म्हणाले. "तुमचं सांगा. तुमच्या रानाचं नाव काय?"

मी म्हटलं, "खालचं रान."

"ते झालं ठिकाण. नाव सांगा."

मला माहीत नव्हतं. त्या रानातल्या ज्वारीवर मी वाढले होते, तिथं हुरडा खाल्ला होता, आणि नाव माहीत नव्हतं. मी बाबांना फोन लावला. आमचे बाबा फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत. बरं हाय का, आणि ठेवतो. मी रानाचं नाव विचारलं.

"खालचं? त्याला चिंताचेनू म्हणतात की."

"चिंता कसली?"

"चिंता न्हाई गं. तेलुगूत चिंचेला चिंता म्हणतात. चेनू म्हंजे रान. बांधावर चिंच होती, तू जन्मायच्या आधी पडली. माझी आजी म्हणायची ते नाव. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

"तुम्ही कधी सांगितलंत?"

"तू कधी इचारलंस?"

भाऊसाहेबांनी हात पुढं केला. मी फोन दिला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून लॅपटॉपशेजारी ठेवला आणि विचारायला सुरुवात केली. चिंच कुठल्या बांधावर, आजी कुठल्या गावची, शेजारचं रान कुणाचं, त्याला काय म्हणतात. बाबा बोलत होते. आमच्या घरात तीस वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मधे त्यांनी एक तेलुगू म्हण सांगितली आणि स्वतःच हसले. ते हसू मला नवीन होतं. काकूंनी माझ्यासाठी भात टाकला, कारण माझी गाडी केव्हाच गेली होती.

पाऊण तासानं फोन माझ्या हातात आला तेव्हा तापलेला होता. मी म्हटलं, "बाबा, झालं का? ठेवू?"

"विहिरीकडच्या तुकड्याचं ऱ्हायलंय," बाबा म्हणाले. "पण ते तुला सांगून काय उपेग? दे त्यांच्याकडं फोन."